किती व्होल्ट, गुरुजी?

विघ्नांचा परिहार करणाऱ्या श्रीगणरायाला, वाणीला वाट दाखविणाऱ्या शारदेला आणि हत्यारे व यंत्रे यांचा जो आदिकर्ता, त्या विश्वकर्म्याला वंदन करून ही चार पाने लिहावयास घेतो. निमित्त असे, की आमचे घरमालक गेले त्याला या पौषात वर्ष झाले. परवा त्यांचे वर्षश्राद्ध मीच सांगितले. तिळोदक सोडवून घेताना माझे चित्त मंत्रात राहीना. ते दाराशी उभे आहेत, एका पायावरचा भार दुसऱ्या पायावर घेत आहेत आणि 'आटपा गुरुजी, लवकर' म्हणत आहेत, असा भास सारखा होत होता. नाव-गोत्राचा उच्चार श्राद्धात झाला आहे. येथे त्याचे प्रयोजन नाही. गल्ली त्यांना भाऊ म्हणे, मीही भाऊच म्हणतो.

भाऊ बसत नसत. जेवणसुद्धा उभ्यानेच चाले. लग्नाच्या पंगतीत त्यांचे पान अगदी शेवटी मांडण्याचा शिरस्ता होता, म्हणजे ते मध्येच उठून गेले तरी रांगेत खिंडार दिसू नये. घरी वहिनी ताट वाढीत आणि मग ते ताट हातात घेऊन त्यांना शोधत फिरत. स्वयंपाकाला लागते त्याहून अधिक वेळ आपल्याला यांच्यामागे चालण्यात लागतो, असे त्या म्हणत, आणि त्यांच्या म्हणण्यात तक्रार असली तरी पावले मात्र सवयीने बरोबर त्यांच्याच दिशेला पडत.

सदऱ्याच्या ज्या खिशात इतरांचा चष्मा किंवा पेन असते, तेथे भाऊंचे मीटर असे. हातात मावेल एवढा पिवळा डबा आणि त्यातून निघालेल्या दोन तारा, एक लाल, एक काळी. ज्या वस्तूत सेल घातलेला आहे अशी वस्तू दृष्टीस पडली, की तिच्यात किती जीव उरला आहे हे मोजल्यावाचून त्यांचे पाऊल पुढे पडत नसे. कुशल विचारण्याची त्यांची रीतही तीच. पहाटे मी संध्येला बसलेलो असताना जिन्यात पावले वाजत आणि दारातून प्रश्न येई, "किती व्होल्ट, गुरुजी?" मी ताम्हनातून मान वर न करता 'पूर्ण' म्हणून हात करावा, की पावले उतरून जात. एकदा मी तापाने अंथरुणावर होतो, तेव्हा त्यांनी लांबूनच पाहून निदान केले, "आज एकच्या खालीच दिसून राह्यले तुमी. पडा." आणि तासाभरात वैद्यांना घेऊन आले.

मी सायंकाळी देवळात प्रवचन करी, तेव्हा भाऊ मागच्या खांबाजवळ उभे असत. माझ्या अंगावरच्या माइकचा आवाज किंचित बारीक झाला की ते श्रोत्यांमधून चालत येत, माझ्या कमरेचा डबा उघडीत, सेल बदलीत, आणि अर्ध्या वाक्यावर थांबलेल्या मला म्हणत, "हं, चालू द्या." पुढे श्रोत्यांना याची इतकी सवय झाली, की भाऊ खांबापासून हलले म्हणजे लोक आपापली पाण्याची बाटली उघडीत.

एका घरी आम्ही समाचाराला गेलो होतो. घरातला कर्ता मनुष्य गेलेला. सर्व जण भिंतीला टेकून मुकाट बसलेले. भाऊ उंबऱ्याजवळ उभे. त्यांची नजर भिंतीवरच्या घड्याळाकडे गेली आणि मला पुढचे सारे दिसू लागले. मी डोळ्यांनी विनविले, पण व्यर्थ. ते स्टुलावर चढले, घड्याळ उतरविले, मीटरच्या तारा लावल्या आणि स्वतःशीच मान हलवून खिशातला नवा सेल त्यात घातला. जमलेल्यांपैकी एकाने दातओठ खाल्ले. पण त्या घरची बाई, जिच्या डोळ्यांतून तीन दिवस टिपूस आले नव्हते, ती त्या घड्याळाची टिकटिक ऐकून मोकळेपणी रडली. 'हेच ते बदलणार होते, राहून गेलं,' असे ती सांगत होती. परतताना मी भाऊंना बोल लावण्याचे मनातल्या मनात रद्द केले. ते मात्र माझ्यापुढे दहा पावले झपाझप चालत होते आणि वळून एवढेच म्हणाले, "सेल एकदम मरत नाही, गुरुजी. तो अगुदर सांगते. आपुनच आयकत नाही."

घराच्या पुढच्या खोलीत त्यांचे दुरुस्तीचे दुकान होते. आधी रेडिओ, मग टेप, मग टीव्ही असे करीत काळ सरला. मी या गावच्या शाळेत शिक्षक म्हणून नवा आलो, त्या सुमारास दुकानात एक उंच, कपाटासारखी खेळाची मशीन उभी होती. शाळा सुटली की तिच्यापुढे झुंबड उडे. ती मशीन धाड गावच्या एका पाटलांची. ते आणि भाऊ तरुणपणी रेडिओदुरुस्तीच्या एकाच वर्गात शिकलेले, जिवलग मित्र. पुढे पाटलांनी शेती धरली, पण हौस सुटली नाही. त्यांनी एकसारख्या दोन मशीन घेतल्या. एक भाऊंच्या दुकानात ठेवली, दुसरी ते स्वतः यात्रांतून आणि आठवडी बाजारांतून तंबूत लावीत. भाऊंच्या दुकानातली ती मशीन एके दिवशी कायमची बंद पडली. सेल बदलताना आपल्या हातून ती गेली, असे भाऊंनी पाटलांना सांगितले. पाटील पाठ फिरवून निघून गेले, आणि पंचवीस वर्षे पुन्हा या दारात आले नाहीत. हे सर्व मी तेव्हा ऐकले होते आणि दोन हट्टी माणसांची गोष्ट म्हणून मनाआड केले होते.

भाऊ गेले त्याच्या आदल्या वर्षीच्या कार्तिकातली सकाळ. गल्लीच्या तोंडाशी एक टेम्पो थांबला. गोधडीत गुंडाळलेली मशीन दोन माणसांनी उतरवून ओसरीवर ठेवली आणि मागून पाटील आले. केस पांढरे, पण चालणे ताठ. भाऊ दारात उभे होते. पाटलांनी त्यांच्याकडे न पाहता मला नमस्कार केला.

"गुरुजी, यांना सांगा, मशीन सुरू केली की पडद्यावर इंग्रजीत काहीतरी येतंय. पोरीनं वाचलं, बॅटरी संपत आली म्हणून."

दोन हातांच्या अंतरावर उभ्या असलेल्या माणसाला मी तो निरोप पुन्हा सांगावा अशी अपेक्षा होती. मी सांगितला. भाऊ माझ्याकडे पाहून म्हणाले, "त्याइले इचारा, मधात एकडाव बदलला असन ना?"

मी विचारले. पाटील मला म्हणाले, की नागपूरच्या एका कारागिराने बदलला होता, तो कारागीर आता नाही, आणि दुसरा कोणी हात लावायला धजत नाही. मग म्हणाले, "यांना हेही सांगा, एक मारली तेवढी पुरे. ही राहिली तर राहिली, पण दुसरी मारू नका."

भाऊंनी मशीनची मागची फळी उघडली, आतला हिरवा बोर्ड अलगद सोडवून घेतला, माझा दंड धरला आणि मला आतल्या खोलीत नेऊन दार लोटले. दाराबाहेर पाटील ओसरीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत येरझारा घालीत होते. दाराच्या आत भाऊ तेच करीत होते. मध्ये मी, धूतवस्त्रात, हात सोवळे ठेवावे की नाही या संभ्रमात.

प्रथम त्यांनी मला रोगाचे स्वरूप समजावले. या मशीनमधला कार्यक्रम कुलपात असतो. त्या कुलपाची किल्ली एका इवल्या स्मृतिकोशात ठेवलेली असते आणि तो कोश जिवंत राहतो एका चपट्या सेलच्या आधारावर. मशीन बंद असली तरी सेल त्याला पोसत राहतो. तो संपला, किंवा बदलताना क्षणभर जरी तुटला, तरी किल्ली नाहीशी होते. "मंग मशीन दिसते तशीच," भाऊ म्हणाले, "पन आपुन कोन हाव, हे तिले ठाऊक नसते. अन् ते पुन्हा कोनी सांगू शकत नाही."

मग त्यांनी उजवा हात माझ्यापुढे टेबलावर धरला आणि म्हणाले, "पाहा."

ताम्हनातल्या पाण्याला धक्का लागावा तसा तो हात थरथरत होता. बोटे एकमेकांवर वाजत होती. मला त्या क्षणी कळले, की गेले वर्षभर वाढलेली त्यांची धावपळ ही धावपळ नव्हतीच. सतत हलणाऱ्या हाताचा कंप कोणाला दिसत नाही. अकोल्याच्या डॉक्टरांकडे ते एकटेच जाऊन आले होते. वहिनींनाही ठाऊक नव्हते.

"डाख तुमी द्या," ते म्हणाले.

डाख म्हणजे आयर्न नावाच्या तापत्या दांडीने धातूचा रस लावून तार जोडणे. मी हात मागे घेतला. आयुष्यात पळी आणि लेखणी यांखेरीज काही धरलेले नाही, असे म्हणालो. भाऊंची पावले थांबेनात. नवरात्रात देवीपुढे अखंड दिवा असतो ना, त्याची वात संपत आली की मी काय करतो, असे त्यांनी विचारले. मी सांगितले, की त्याच ज्योतीवर दुसरी वात पेटवून शेजारी ठेवायची, ती नीट धरली की मग काजळी झाडून जुनी वात काढायची, नवी घालायची, आणि शेजारची शेवटी बाजूला करायची. चाळीस नवरात्रांत माझ्या हातून दिवा विझलेला नाही.

"मंग तेच करा लागते," ते म्हणाले. "आधी शेजारी दुसरा सेल जोडाचा. तो धरला की जुना काढाचा, नवा बसवाचा, शेजारचा सोडवाचा. तुमाले सारं येते. फक्त चिमटा बदलला."

त्यांनी बोर्ड उजेडात धरला. हिरव्या पाटीवर रुप्याच्या नाण्यासारखा तो गोल सेल चमकला, आणि मला ओळख पटली. मी प्रसन्नतेने म्हणालो, "याला तर मी जाणतो. पहिल्या वर्षी खांडेनवमीला तुम्ही दुकानातली मशीन उघडून दिली होती, सगळ्या हत्यारांबरोबर तिची पूजा केली. तुम्ही म्हणालात, हा तिचा प्राण. म्हणून मी यावरच गंध-कुंकू लावले होते, चांगले दाट, आणि वर ओले फूल."

भाऊ थांबले. त्यांची पावले थांबलेली मी त्याआधी पाहिली नव्हती. ते खिडकीतून बाहेर पाहत राहिले. ओल्या कुंकवाने काय होते हे विज्ञान मला ठाऊक नाही, पण त्या पाठीवरून मला ते वाचता आले.

मी विचारले, तेव्हा त्यांनी सांगितले. पूजेनंतर तीन आठवड्यांनी मशीन मुकी झाली. सेल उचलला तेव्हा खाली कुंकू ओलसर चिकटलेले होते आणि सेलपासून निघालेली बोर्डावरची तांब्याची रेघ हिरवी पडून तुटलेली होती. त्यांनी ते पेट्रोलने पुसून काढले आणि मित्राला सांगितले, की सेल बदलताना माझ्या हातून गेली.

"काय म्हणून?" मी विचारले.

"तुमी नवीन होते. शायेतला पगार तीन तीन महिने होत नव्हता, घर पूजेवर चालत होतं तुमचं. गुरुजीनं पूजा केली अन् मशीन मेली, असं एकदा बाजारात गेलं असतं, त कोन बलावलं असतं तुमाले?" एवढे बोलून त्यांची पावले पुन्हा सुरू झाली. "राहू द्या आता ते. आयर्न तापलं."

माझ्या घरात पंचवीस वर्षे जे अन्न शिजले, त्याच्या खाली कोणाचे मौन जळत होते हे मला त्या क्षणी दिसले. डोळे भरून आले, आणि भरलेल्या डोळ्यांनी ते काम होणार नव्हते. मी चष्मा पुसला. दाराबाहेर एक मनुष्य आपल्या अखेरच्या मशीनसाठी ओसरीची फरशी झिजवीत होता, आणि पहिली कोणी मारली ते त्याला अजून ठाऊक नव्हते. आधी सांगावे की आधी काम करावे? मी काम आधी निवडले. ही दुसरीही माझ्याच हातून गेली असती, तर कबुली ऐकायला कान उरले नसते.

भाऊ सांगत गेले, मी करीत गेलो. आयर्न तापवायचे, तापले की विजेची पिन काढायची, मगच टेकवायचे. नाहीतर त्यातून झिरपणारी वीज स्मृती पुसून टाकते. पहिली तार, लाल. "टेका. मोजा तीन. उचला." दुसरी, काळी. परंतु भाऊंच्या येरझारांनी फळीची जमीन हलत होती आणि तिच्याबरोबर माझे टोक. मी तीनदा उचलले. शेवटी म्हणालो, "भाऊ, बसा. नाहीतर मी उठतो."

ते बसले. कोपऱ्यातल्या पत्र्याच्या डब्यावर, मांडीखाली दोन्ही हात दाबून.

शेजारचा सेल जोडला गेला. भाऊंनी बसल्या जागेवरून मला मीटर लावायला सांगितले. आकडा ठीक आला. मग जुन्या सेलचा पाय कापायचा क्षण. मी इष्टदेवतेचे स्मरण केले आणि कापला. बाहेर पावले थांबली. कात्रीचा तो बारीक आवाज दारापलीकडे ऐकू गेला असावा. नवा सेल बसविला, दोन टाके दिले, फुंकर घातली नाही, कारण फुंकर घालू नका असे भाऊ दोनदा बजावून म्हणाले होते. शेवटी शेजारच्या सेलच्या तारा सोडविल्या. माझ्या धूतवस्त्रावर डाखेचा एक थेंब पडून भोक पडले होते, ते मला संध्याकाळी दिसले.

ओसरीवर बोर्ड पुन्हा मशीनमध्ये गेला. पाटलांनी स्वतः बटण दाबले. पडदा काही क्षण काळाच राहिला. वहिनी ताट हातात धरून दारात उभ्या राहिल्या होत्या. मग रंग आले, छोटी छोटी माणसे उड्या मारू लागली, आणि एक कर्कश, आनंदी सूर साऱ्या गल्लीत वाजला. इंग्रजी सूचना आली नाही.

पाटलांनी डोळे मिटून मशीनच्या कपाळाला हात लावला. मी पुढे झालो.

"पाटील, एक सांगायचे आहे. पहिली मशीन यांच्या हातून गेली नाही."

"गुरुजी, जाऊ द्या ना," भाऊ म्हणाले. मी जाऊ दिले नाही. खांडेनवमी, गंध, कुंकू, हिरवी पडलेली रेघ, सर्व सांगितले. सांगून हात जोडले. पाटलांनी माझे जोडलेले हात खाली केले. मग म्हणाले, "तुम्ही देवाच्या नावानं केलं. तुमच्यावर काय राग धरू? पुढच्या खांडेनवमीला फूल लांबून वाहा, एवढंच." आणि पंचवीस वर्षांत प्रथमच ते भाऊंकडे तोंड करून बोलले.

"मला का नाही सांगितलं बे?"

"सांगून मशीन उठली असती काय?"

"मशीनचं कोण म्हणतंय? माझ्या पोरीच्या लग्नाला आला नाही तू."

"तुनं बलावलं कुठं?"

"बोलवायची गरज होती तुला?"

दोघेही माना वळवून मशीनकडे पाहू लागले, जणू उत्तर तिने द्यावयाचे होते. वहिनींनी या शांततेचा लाभ घेऊन दोन ताटे आणली आणि भाऊंच्या हातात एक दिले. ताट हातात हलू लागले, आमटी काठावरून सांडली. वहिनींनी पाहिले. पाटलांनीही पाहिले. पाटलांनी ताटाची दुसरी कड धरली आणि ती सोडली नाही. दोघे एकच ताट दोन बाजूंनी धरून उभ्या उभ्या जेवले.

निघताना मशीन टेम्पोत चढली, दोर आवळले गेले. पाटलांनी विचारले, नवा सेल किती वर्षे चालेल. भाऊ म्हणाले, दहा.

"अन् दहा वर्षांनी कोण बदलेल? तुझा हात तर असा."

भाऊंनी माझ्याकडे बोट केले. बोट हलत होते, तरी ते कोणाकडे आहे याविषयी शंका नव्हती. "हे."

मी म्हणालो, मला बहात्तरावे चालू आहे.

"मग तवर जगा लागेल तुम्हा दोघांना," पाटील टेम्पोत चढत म्हणाले. "मी मशीन घेऊन येईन. तुम्ही इथंच सापडले पाहिजेत."

भाऊंना ते जमले नाही. पाटील श्राद्धाला आले होते. जेवून उठल्यावर त्यांनी मला बाजूला घेतले, माझे दोन्ही हात आपल्या हातांत धरून उजेडाकडे वळविले आणि नीट पाहिले. "ठीक आहेत," म्हणाले. आता आठ वर्षांहून थोडी कमी उरली आहेत. मी रोज पहाटे ओल्या पंच्याने हात पुसताना त्यांना क्षणभर निश्चल धरून पाहतो.

हे वाचणाऱ्या सज्जनांनो, आपल्या घरातील वडीलधाऱ्यांचे हात स्थिर राहोत. आणि न राहिले तर ताटाची दुसरी कड धरणारे कोणी शेजारी असो. आपल्या दारापासून दुरावलेली पावले दिवसाढवळ्या परत येवोत. आपली मुलेबाळे, गाई-गुरे, अवजारे आणि यंत्रे सुखरूप राहोत, आणि आपल्यासाठी कोणी मुकाट्याने काही सोसले असेल, तर ते त्याच्या हयातीतच आपणांस कळो. तथास्तु.